मातीचा मणी आणि काकीचा घसा

मी मातीचा मणी. काजूगराहून लहान, विटेहून फिका, आणि खरं सांगायचं तर थोडासा शिष्ट. माझ्या पोटावर नखाएवढी एक खोलगट खूण आहे, तेवढी सोडली तर दिसायला मी इतर मण्यांसारखाच. सध्या मला काही काम नाही, म्हणून बोलायला सवड मिळाली आहे. काम होतं तेव्हा मी अंगावरून रस वाहू देत गुमान पडून असायचो.

माझा जन्म मसुऱ्याचा. तिथे ओहोळाच्या काठाला लवूचे भाताचे कुणगे, म्हणजे बांध घातलेले शेताचे लहान तुकडे, आहेत. भात कापून झालं की लवू त्यातल्या सर्वांत खालच्या कुणग्यात उतरतो आणि वरची पोळी बाजूला करून आतली चिकण माती काढतो. त्या मातीत मी होतो. किती वर्षं होतो ते विचारू नका, मातीला वाढदिवस नसतो.

लवूची गणपतीची शाळा आहे. मूर्ती घडवायच्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. वाडीवाडीतून लोक आपापला पाट आणून देतात, आणि ज्याचा पाट त्याचाच गणपती त्यावर बसतो. पाट बदलला तर माणसं वर्षभर बोलत नाहीत. लवूच्या पडवीत माती येऊन पडली की तिला आपलं भविष्य ठाऊक असतं. मीही मनाशी ठरवून टाकलं होतं, कान व्हायचं. सोंड झालो असतो तरी चाललं असतं. पण उंदीर व्हायची माझी तयारी नव्हती.

आणि मग किशोरीनं त्या ढिगातून चांगलं पाटीभर उचललं, त्यात मी गेलो.

किशोरी ही लवूची एकुलती लेक. आई लहानपणीच गेली. तिला वाढवलं सत्यवतीकाकीनं, म्हणजे लवूच्या थोरल्या भावाच्या विधवेनं. किशोरी शिकली कोल्हापुरात, रसायनाचं काहीतरी मोठं, आणि नोकरीला लागली गोव्यात वेर्ण्याच्या एका औषधकंपनीत. तसं ते फार लांब नाही, पण नोकरी करणाऱ्या माणसाचं घर सणावारापुरतंच जवळ असतं. आदल्या चतुर्थीला लवू माळ्यावरून पाट काढताना पडला आणि पाय मोडून बसला, तेव्हा ती बिनपगारी रजा टाकून आली. पाय बरा झाला तरी ती गेली नाही.

त्याला कारण झाले बोंडू. काजूची बी लोक जपून घरी आणतात आणि तिच्या मागचा पिवळाधमक, रसानं टचटचलेला बोंडू झाडाखालीच टाकून देतात. फाल्गुन-चैत्रात सगळ्या बागांतून त्या कुजणाऱ्या बोंडवांचा आंबूस वास सुटलेला असतो. रस गोड असतो, नाही असं नाही. पण दोन घोट घेतले की जीभ जड होते आणि घसा खवखवायला लागतो.

त्यातून सत्यवतीकाकीचा घसा म्हणजे तर विचारूच नका. बोंडवाचा एक घोट पोटात जायच्या आत तिला असा ठसका लागायचा की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि शेजारची शर्मिला कुंपणापलीकडून विचारणार, काय झालं गो. किशोरीनं ते बघितलं आणि ठरवलं की काकी एक पेला न खाकरता पिऊ शकली, तर तो रस जगात कुणीही पिऊ शकेल.

कंपनीनं मात्र निरोप धाडला होता. जून लागताना हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. लवूनं तो निरोप ऐकला आणि माती मळायला घेतली. लेकीनं राहावं असं त्याला फार वाटत होतं. मी मातीत होतो, त्याच्या हाताखाली, म्हणून मला कळत होतं. तिनं राहण्याचं नाव काढलं की तो माती हलक्या हातानं मळायचा आणि वेर्ण्याचं नाव निघालं की नुसता धोपटायचा.

आता जरा माझ्या धंद्याचं सांगतो, कंटाळू नका. बोंडवातली खवखव असते टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याची. त्या टॅनिनचे तुकडे करणारं एक एन्झाइम असतं, किशोरीच्या शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हटलंय. ते मिळतं एका जातीच्या बुरशीपासून आणि इवल्याशा बाटलीत भुकटी होऊन येतं. रसात थेट टाकलं तर काम फक्कड करतं, पण रसाबरोबर बाटलीत निघून जातं. एवढी महागाची वस्तू एकदाच वापरून घालवायची, हे आमच्या घराला परवडणारं नव्हतं. म्हणून त्या विकराला धरून ठेवणारं कुणीतरी हवं होतं, आणि मातीच्या अंगात धरून ठेवायला लागणाऱ्या बारीक खाचा जागोजाग असतात. म्हणजे टॅनिन तोडणारा मी नव्हे. तोडणारे माझ्या अंगावर राहायला आले. मी आपला घरमालक.

किशोरीनं मला गाळून घेतलं, सौम्य आम्लात भिजवून पुन्हा पुन्हा धुतलं. मग पडवीत बापलेक समोरासमोर बसून मणी वळायला लागले. काकी पलीकडे कोकमं फोडत होती. मध्येच लवूनं विचारलं की पहिले मणी फुकट का गेले, कारण मण्यांचा एक घाणा आधीच वाया गेला होता. विकराला मातीशी बांधायला एक औषध लागतं, ते तिच्या हातून जास्त पडलं होतं.

"गच्च आवळला तर ता मरता, बाबा," किशोरी म्हणाली. "आणि सैल सोडला तर रसावांगडा व्हावान जाता."

"मगे कितक्या धरूचा?"

"तेका हलाक मेळाक होया. तितक्याच."

लवूच्या बोटांत तेव्हा मी होतो. मी केव्हाच गोल झालो होतो, तरी तो मला वळतच राहिला, आणि वळता वळता त्याच्या अंगठ्याचं नख माझ्या पोटात रुतलं. ती माझी खूण. बाकीचे मणी गुळगुळीत आहेत, बिचारे.

मग आम्हाला खड्ड्यात घालून वर नारळाची सोडणं, म्हणजे सुकी सालं, रचली आणि आग दिली. हे सोसायला कठीण गेलं, लपवत नाही. त्याच ढिगातली, माझ्या शेजारची माती गणपतीची होणार होती. तिला आरती मिळणार, दुर्वा मिळणार, आणि शेवटी ओहोळात विरघळून ती पुन्हा कुणग्यात जाणार. भाजलेल्या मातीला ती वाट राहत नाही. मी पुन्हा कधीच चिखल होणार नव्हतो, आणि त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं. पण खड्ड्यातून बाहेर आलो तेव्हा असा टणक झालो होतो की ओल्या मातीची जरा कीवच आली.

थंड पाण्यात विकर कालवून त्यात आम्हाला रात्रभर भिजवलं, औषधाचे या वेळी मोजकेच थेंब घातले, आणि सकाळी काचेच्या एका उभ्या नळीत आम्हाला भरलं. वरून किशोरीनं गाळलेला रस सोडला. तो माझ्या अंगाखांद्यावरून उतरत गेला, माझे भाडेकरू कामाला लागले, आणि खालच्या पेल्यात थेंब थेंब जमायला लागला. काकीला बोलावणं गेलं. तिनं पदर तोंडाशी धरला, आधीच डोळे मिटले, आणि एक घोट घेतला. सगळे वाट बघत राहिले. काकीनं डोळे उघडून पेल्यात पाहिलं आणि आणखी एक घोट घेतला. मी नळीत होतो, नाहीतर टाळ्या वाजवल्या असत्या.

त्यानंतर किशोरीनं शिरोड्याच्या गुरुप्रसादला फोन केला. समुद्राकाठी पाहुण्यांसाठी त्याच्या खोल्या आहेत, आणि बाजारात एक बर्फाचा कारखाना आहे तो बंद पडलेला. तिला त्यातली थंड खोली हवी होती, रस साठवायला, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणूनही तोच हवा होता. तो येऊन चव बघतो म्हणाला. त्यानं हो म्हटलं तर किशोरी राहणार होती. नाही म्हटलं तर वेर्णे होतंच. मे महिना सरत आला होता आणि झाडावर आता थोडेच बोंडू उरले होते.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे जे झालं ते आमच्याकडेच होऊ शकतं.

आमच्या भागात मे महिन्याच्या शेवटाला आगोट म्हणतात. पाऊस लागला की चार महिने काही वाळत नाही, म्हणून घरातली हरएक वस्तू या दिवसांत उन्हातून काढायची. खळ्यात, म्हणजे अंगणात, पाय ठेवायला जागा नसते. कोकमाची सोलं, मिरच्या, फणसाचे पापड, चिंच, उशा, गाद्या, जुनी पोथी, सगळं सुकत पडलेलं. ओलं राहिलं की बुरशी धरते आणि बुरशी धरली की वस्तू गेली, हे काकीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. उलट तिच्या या जपणुकीवरच घर चाललं होतं.

गुरुप्रसाद येणार त्याच्या आदल्या दिवशी किशोरी बाटल्या आणायला मालवणला गेली. इकडे सकाळीच लाईट गेली. दुपार झाली तरी आली नाही. काकीनं फ्रीज उघडला तो आतून कोमट वाफ आली, आणि बरणीत आम्ही पाण्यात बुडालेले; काम झालं की किशोरी आम्हाला असंच ठेवायची. झालं, काकीच्या काळजाचं पाणी झालं. लेकीची एवढी मेहनत, आणि हे असं ओल्यात सडायला ठेवलंय. तिनं पाणी ओतून दिलं, आम्हाला सुपात घेतलं आणि खळ्यात सोलांच्या शेजारी पसरलं. वर मायेनं हातही फिरवला, सगळ्यांना सारखं ऊन लागावं म्हणून.

मला पहिल्यांदा बरं वाटलं, कुणग्याची आठवण झाली. मग खळं तापलं. माझ्या खाचांत राहणारे ते इवले जीव नव्हेत, पण जिवासारखेच नाजूक. ओल गेली तशी त्यांची घडी विस्कटायला लागली. मी ओरडून सांगितलं असतं, काकी, आम्हाला सावलीत ने. पण ओरडायला कुणी मला शिकवलेलं नाही. आणि गंमत बघा, काकी ज्या बुरशीच्या धाकानं हे करत होती, त्याच बुरशीच्या पोटचं ते विकर होतं. संध्याकाळी तिनं आम्हाला खडखडीत कोरडे करून बरणीत भरलं, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं आणि समाधानानं चुलीकडे गेली. किशोरी दमून आली, काकीनं तिला मण्यांची काळजी करू नको म्हणून सांगितलं, आणि तिनं केली नाही.

गुरुप्रसाद आला तो बायकोला घेऊन आला. माणूस बोलायला गोड, पण व्यवहाराला पक्का. किशोरीनं आम्हाला घाईघाईनं नळीत ओतलं, रस सोडला. तो माझ्या अंगावरून गेला आणि मी नुसता खडा होऊन पडून राहिलो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

गुरुप्रसादनं घोट घेतला आणि हसतमुखानं पेला खाली ठेवला. त्याच्या बायकोनं ठेवला नाही, पण पुन्हा तोंडालाही लावला नाही. आणि काकी, जी मोठ्या तोऱ्यात पाहुण्यांसमोर पेला उंचावून प्यायली होती, तिला ठसका लागला. असा लागला की गुरुप्रसादची बायको उठून तिची पाठ चोळायला लागली. किशोरीनं नळीकडे पाहिलं, मग बरणीकडे.

"काकी, मणी सुके कशे झाले?"

"मीच सुकत घातलंय गो," काकी खोकत खोकत म्हणाली. "लाईट नाय होती. बुरशी धरतली म्हणान."

किशोरीनं काकीला बोल लावला नाही. आल्याचा रस आणि मीठ घालून ती वेळ मारून नेऊ शकली असती, घरोघर तसंच करतात. तिनं तेही केलं नाही. गुरुप्रसादला सरळ सांगितलं की आजचा रस बिघडलाय, हा माझा रस नव्हे. तो मान हलवून म्हणाला की काही हरकत नाही, पुढच्या वर्षी बघू. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. राग असता तर भांडता आलं असतं.

ते गेल्यावर किशोरीनं माळ्यावरची बॅग खाली काढली. काकी चुलीपाशी बसून होती, डोळे पुसत होती, आणि या वेळी ते ठसक्यामुळे नव्हतं. लवू पडवीत माती तिंबत होता. किशोरी बॅग घेऊनच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मी जाव?"

लवूनं हात थांबवले. मला वाटलं, हा आता राहा म्हणेल, थांब म्हणेल, काहीतरी म्हणेल. तो हाताची माती काढत बसला.

"गच्च आवळला तर मरता, असा तूच सांगलंस," तो म्हणाला. "मी तुका आवळूचंय नाय, चेडवा. पण सैलय सोडूचंय नाय. ते मणी परत भाजले तर काय होतला ता सांग."

किशोरी बॅगेवरच बसली. मग हळूहळू सांगायला लागली. मेलेलं विकर मातीच्या खाचांत चिकटून बसलंय. ते जाळून टाकलं तर माती आतून पुन्हा मोकळी होईल. पण नवं विकर कुठलं आणायचं, बाटलीच्या तळाला चिमूटभर उरलंय, त्यात ओंजळभर मण्यांचंच भागेल. आणि बोंडू कुठेत.

गोठ्यामागचं झाड उशिरा धरतं, काकी चुलीपाशून म्हणाली.

त्या संध्याकाळी मी दुसऱ्यांदा आगीत गेलो. पहिल्या वेळी मला वाईट वाटलं होतं. या वेळी मी आपण होऊन गेलो असतो. अंगातला सगळा मेलेला भार जळून गेला, खाचा उघड्या झाल्या, आणि राखेतून बाहेर काढल्यावर लवूनं बोटानं चाचपून, पोटावरची खूण बघून मला पहिल्या ओंजळीत घातलं. विकर आलं, मोजके थेंब आले, आणि आम्ही पुन्हा नळीत बसलो. गोठ्यामागच्या झाडानं आपल्या परीनं मदत केली. सगळं मिळून लहानशी किटली भरेल एवढा रस निघाला.

किशोरीनं तो चाखला आणि हसली, पण उदास. गुरुप्रसाद पुढच्या वर्षी म्हणाला होता, आणि एकदा तोंड वाकडं झालेल्या माणसाला परत बोलवायला तिचं मन धजत नव्हतं. राहू दे, ती म्हणाली, आपल्याला कळलं तेवढं पुरे. आणि ती पुन्हा बॅगेत कपडे भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला काकीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, किटलीला ओलं फडकं गुंडाळलं आणि कुणाला न सांगता एसटीचा रस्ता धरला. घाईत तिनं नळीच्या तोंडाची जाळी काढून शेवटचा रस किटलीत निथळून घेतला होता, आणि त्याबरोबर मीही घरंगळत आत गेलो होतो. म्हणून पुढचं मी सांगू शकतो, नाहीतर ते काकीशिवाय कुणालाच माहीत झालं नसतं.

मसुऱ्याहून मालवण, मालवणहून वेंगुर्ले, वेंगुर्ल्याहून शिरोडा. प्रत्येक एसटीत काकीनं किटली मांडीवर धरली. कंडक्टरनं खाली ठेवा म्हटलं तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या सीटकडे गेला. मी आत डुचमळत होतो. समुद्र दिसला नाही, पण त्याचा आवाज किटलीत घुमत होता.

गुरुप्रसाद सोप्यावर पेपर वाचत बसला होता. काकीला बघून तो चपापला. बसा म्हणाला, चहा सांगतो म्हणाला. काकीनं चहा नको म्हणून सांगितलं आणि दोन पेले मागितले. एकात ओतलं, तो त्याच्यापुढे ठेवला. दुसऱ्यात उरलेलं सगळं ओतलं, आणि त्याबरोबर मी टप्पकन तिच्या पेल्यात पडलो. तिनं पाहिलं नाही.

"तुमी रवा," ती म्हणाली. "आदी मी पितंय. माझो घसो तुमी बघलास."

आणि ती प्यायली. थांबत थांबत नव्हे, एका दमात. मी पेल्याच्या तळाशी होतो आणि वरून काकीचा चेहरा दिसत होता. तिचे डोळे उघडे होते. रस संपला, मी तिच्या ओठाशी येऊन थडकलो आणि परत तळाला गेलो. गुरुप्रसाद पाण्याचा तांब्या हातात घेऊनच बसला होता, ठसका लागला तर द्यायला. काकी पेला मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. मागच्या माडांतून वारा वाहत होता. ती खाकरलीसुद्धा नाही.

"कायच नाय?" त्यानं विचारलं.

"कायच नाय."

मग तो प्यायला. पहिला घोट सावधपणे, नंतरचे नाही. पेला संपल्यावर त्यानं काकीच्या पेल्यात डोकावून पाहिलं आणि मी त्याला दिसलो. हे काय म्हणून त्यानं विचारलं.

काकीनं मला बोटांनी काढलं, पदराला पुसलं. "आमच्या कुणग्याची माती. ह्येच्यानच खवखव जाता. त्या दिवशी मी तेका उन्हात घातलंय म्हणान वाया गेला. चूक माझी. चेडवाची नाय."

गुरुप्रसाद म्हणाला की बर्फाच्या कारखान्याची खोली यंदा रिकामीच आहे, किशोरीला पाठवा, बघून जाऊ दे. पुढच्या हंगामाचं आताच बोलून ठेवू. काकीनं मान डोलावली, जणू तिला हे आधीपासून ठाऊक होतं. मग मला पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. परतीच्या एसटीत ती पदराच्या गाठीला सारखा हात लावून बघत होती आणि स्वतःशीच हसत होती. मी इतक्या इज्जतीनं कधी प्रवास केला नव्हता.

किशोरीनं वेर्ण्याला फोन करून नाही म्हणून कळवलं, ते पडवीतच, लवूसमोर. लवू तेव्हा एका गणपतीचं पोट लिंपत होता. तो मान वर न करता लिंपत राहिला. ते पोट इतकं मोठं झालं की पाटाचा मालक नंतर कुरकुरला.

वर्ष फिरलं, पुढचा म्हणजे यंदाचा हंगाम आम्ही सगळा काढला. रस आला, गेला, बाटल्या भरल्या, शिरोड्याला पोचल्या. फ्रीजवर आता किशोरीनं चिठ्ठी लावलीय, पण काकीला तिची गरज नाही. लाईट गेली की ती आमच्या बरणीला ओलं फडकं गुंडाळते, माठाच्या सावलीत ठेवते आणि कुणाला हात लावू देत नाही. शर्मिला मुद्दाम विचारते, मणी सुकत घालायचे नाहीत का गो, आणि काकी तिला चार शब्द सुनावते. मी मात्र थकत गेलो. रसातला गाळ खाचांत बसला, भाडेकरू एकेक करून सुटत गेले, आणि दोनदा भाजलेल्या अंगाला बारीक तडे गेले. किशोरीनं नवे मणी केले. जुने टाकायला काढले त्यात मीही होतो. फेकून देणार असं वाटलं होतं, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटणार नव्हतं. काम चोख केलंय मी, ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

पण श्रावणात लवूनं घरच्या पाटावर घरचा गणपती घडवायला घेतला. सगळं झालं, सोंड झाली, कान झाले, आणि हातातला लाडू राहिला. त्यानं जुन्या मण्यांच्या वाटीत बोट फिरवलं, नखाची खूण सापडेपर्यंत फिरवलं, आणि मला काढून गणपतीच्या उजव्या तळहातावर दाबून बसवलं. कान व्हायची माझी इच्छा होती. लाडू होणं त्याहून बरं, हे आता मान्य करतो.

पावसानं उघडीप दिली म्हणून गणपती खळ्यात सुकायला ठेवला तेव्हा काकी तिथून जात होती. ती थबकली, वाकून माझ्याकडे पाहिलं, आणि पडवीकडे तोंड करून विचारलं, "किशोरे, ह्येका आता उन्हात घातलंय तर चलात मां?"

"चलात गो काकी," आतून किशोरी हसत म्हणाली. "आता किती होया तितक्या ऊन लागूंदे."

तसं ते लागतंय, आणि छान लागतंय. चार दिवसांनी रंग चढेल, मग आरत्या होतील, आणि मग एका संध्याकाळी मला ओहोळाकडे नेतील. माझ्या भोवतीची माती पाण्यात सुटेल आणि कुणग्यांकडे निघून जाईल. मी विरघळणार नाही, मी तळाला बसेन. पुराचं पाणी मला हळूहळू त्याच वाटेनं ढकलत नेईल, आणि केव्हातरी भात कापून झाल्यावर लवू खालच्या कुणग्यात उतरेल तेव्हा त्याच्या खोऱ्याला मी लागेन. त्याला एवढंच सांगणं आहे, की मला खडा समजून फेकू नको. पोटावर तुझ्या नखाची खूण आहे, ती बघ, आणि लेकीला हाक मार. ती घरातच असेल.